सहा मेगापिक्सेलमधले तुम्ही

अहो, तुम्ही जिंकलात. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे मग मला मोकळेपणानं भांडता येईल.

शिरूरच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला. बसस्टँडकडून येताना डाव्या हाताला, जिथं कायम कुणाचा ना कुणाचा वाढदिवस लटकलेला असतो, तिथंच. येणारा-जाणारा थांबायचा आणि म्हणायचा, "काय हुबेहूब आलेत अण्णा! आता बोलतील की काय." त्यांना काय ठाऊक तो फोटो कुठल्या डबड्यातून निघालाय. तुमच्या त्या सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून. ज्याचं धरायचं रबर निघून गेलं तर तुम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता, त्याच डबड्यातून. झालं समाधान?

तुमची गणाराधना झाली, दिवसकार्य उरकलं आणि घर रिकामं झालं. हिमायतनगरची माझी माणसं गेली, तुमच्या बहिणी उदगीरला गेल्या, ओंकार पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "आई, चल की माझ्यासंगं." मी म्हणलं, "मग स्टुडिओ कोण उघडंल?" आणि स्टुडिओ उघडून मी तरी काय करते? कॉम्प्युटर लावते, बसते. परवा एका पोरीच्या साखरपुड्याचा अल्बम बसवत होते. एक पान छान जमलं आणि सवयीनं तोंडातून निघालं, "अहो, हे बघा." तुम्ही पडद्यामागून यायचात, माझ्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टाकायचात आणि खुर्ची मागं कलायची. मी दरवेळी ओरडायचे, "पाडून राहिले का काय मला!" तुम्ही दरवेळी माझ्या नांदेडकडच्या बोलीची नक्कल करायचात, "हाव, पाडून राहिलो." परवा खुर्ची कललीच नाही. मी ते पान पुसून टाकलं.

आपलं भांडण कशावरून व्हायचं हे कुणाला सांगितलं तर हसतील. नवरा-बायको दागिन्यावरून भांडतात, सासरच्या माणसांवरून भांडतात. आपण मेगापिक्सेलवरून भांडायचो. तेही भाजी चिरताना, धुणं वाळत घालताना, एकदा तर तुमच्या मामाच्या घरी पंगतीत बसल्यावर.

माझं म्हणणं साधं होतं. काढायचात तुम्ही, कापायची मी. लग्नात तुम्ही अख्खा गोतावळा एका फोटोत घ्यायचात आणि मागून नवरीची आत्या स्टुडिओत यायची, "बाई, ह्यातलं माझं एकटीचं काढून द्या." सहा मेगापिक्सेलमधून एकटी आत्या कापून मोठी केली की आत्या राहायचीच नाही, नुसते चौकोन व्हायचे. मी म्हणायचे, मोठा कॅमेरा घ्या, बारीक ठिपके जास्ती आले की मला कापायला जागा मिळेल. तुम्ही म्हणायचात, "आत्याला सांग, पुढच्या टायमाला पुढं उभी राहा."

मग तुमचं भाकरीचं गणित. "नंदे, भाकर तेवढीच हाय. तिचे सहा तुकडे कर न्हाईतर चोवीस कर, भाकर मोठी होती का? आतलं भिंगाचं बिलोर तेवढंच, उजेड तेवढाच. नुसते तुकडे वाढवून काय मिळतं?" मी म्हणायचे, "तुम्हाला भाकर खायचीय, मला तुकडा मोडून कुणाला तरी द्यायचाय." मग तुम्ही भिंतीवर जायचात. "शिरूरमधी लोकांच्या भिंती केवढ्याशा हायत? एवढा मोठा फोटो लावायला भिंत तर पाह्यजे का न्हाई?"

मोबाईल आल्यावर तर तुम्हाला जोरच चढला. पोरं यायची आणि विचारायची, "अण्णा, तुमचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हाय? माझ्या मोबाईलला एकशे आठ हायत." तुम्ही त्याचा मोबाईल हातात घ्यायचात, फोटो बघायचात आणि शांतपणे म्हणायचात, "एकशे आठ हायत, खरंय. पण बापाचं डोस्कं कापलंय की रं. एवढ्यांतले दोन-चार बापाला द्यायचे होते." पोरं हसायची आणि पासपोर्ट फोटोला खुर्चीवर बसायची. मी आतून ऐकायचे आणि मलाही हसू यायचं, पण तुम्हाला दिसू द्यायचे नाही.

शेवटी माझ्या हट्टापायी चोवीसचा आला. तुम्ही तो लग्नाला न्यायचात, गिऱ्हाइकाला दाखवायचात. पण गळ्यात कायम ते जुनं डबडं. तुमचा जीव त्याच्यातच.

आता दुसरं सांगते. हे आपण कधी नीट बोललोच नाही, थट्टेवारीच नेलं.

आपल्यात गेलेल्या माणसाला बसवूनच निरोप देतात. कपाळाला विभूती, गळ्यात रुद्राक्ष, फुलांच्या माळा, भिंतीला टेकवून बसवलेला माणूस आणि दोन्ही बाजूंना घरची माणसं. तो शेवटचा फोटो काढायला आजूबाजूच्या गावांतून तुम्हालाच बोलावणं यायचं. तुम्ही चप्पल काढून आत जायचात, आधी हात जोडायचात आणि मग कॅमेरा उचलायचात. कितीतरी घरांत त्या माणसाचा तेवढा एकच धड फोटो असायचा. अख्खा जन्म गेला तरी म्हाताऱ्याला कुणी स्टुडिओत आणलेलं नसायचं. तो गेल्यावर मग घरचे माझ्याकडं यायचे. "बाई, एवढे डोळे उघडून द्या."

आणि मी द्यायचे उघडून. नांदेडला कोर्स करून आलेली सून म्हणून तुमच्या आईनं नाक मुरडलं होतं, पण ह्या एका कामानं मला गावात मान मिळाला. भावाचे डोळे घ्यायचे, नाहीतर लेकाचे. आकार बघायचा, पापणीची सावली जुळवायची, बुबुळात उजेडाचा एक ठिपका ठेवायचा. फ्रेम घरी गेली की बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "बघायलेत बघ आपल्याकडं." तुम्ही चारचौघांत सांगायचात, "नंदासारखे डोळे उघडणारं जिल्ह्यात कुणी न्हाई." तोंडावर माझं कौतुक तुम्ही फार कमी केलंत, पण हे मी पडद्याआडून पुष्कळदा ऐकलंय. आज तेवढ्यासाठी तुमच्या पाया पडावंसं वाटतं.

आणि घरी आल्यावर मला म्हणायचात, "माझे उघडशील तवा जरा हिरोवानी लाव. घारे चालतील." मी लाटणं दाखवायचे.

त्या दिवशी सकाळी तुम्ही चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत थांबला नाहीत. त्याबद्दल मी आज काही बोलणार नाही. बोलायला लागले तर हे सगळं राहून जाईल.

लातूरहून कय्यूमभाई आले. तुमचे दोस्त, लातूरला एवढा मोठा स्टुडिओ, पण बिचारे चपलेचं भान नसल्यासारखे आत आले. आदल्याच दिवशी त्यांनी त्यांचा तो नवा पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आपल्याला वापरून बघायला आणला होता. मी तो हातात धरून खूश झाले होते. तुम्ही म्हणाला होतात, "पंचेचाळीस? कशाला, लोकांच्या कातडीची भोकं मोजायला?" मी चिडले. मग तुम्ही जरा नरमून म्हणालात, "बरं, घ्यायचा इच्यार करतो. उद्या सांगतो." ते उत्तर माझं राहिलंय तुमच्याकडं.

कय्यूमभाईंनी तोच कॅमेरा बाहेर काढला. मी मान हलवली, नको म्हणून. ते म्हणाले, "भाभी, आखरी फोटो है. मैं नै निकालूंगा तो कौन निकालेगा? ये सबका निकालता था." खरंच होतं ते. शिरूरमध्ये तो फोटो काढणारा माणूस तर भिंतीला टेकून बसला होता.

त्यांनी काढला. चांगला काढला. असा फोटो तुम्हीसुद्धा काढला नसता. प्रत्येक पापणी वेगळी दिसते. दाढी करताना हनुवटीखाली राहून गेलेले दोन पांढरे केस दिसतात. विभूतीच्या पट्ट्यावर बोटांच्या रेघा दिसतात. कितीही मोठा करा, फाटत नाही. आणि डोळे मिटलेले.

फ्लेक्ससाठी फोटो द्या म्हणून मंडळी दारात उभी राहिली, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. जन्मभर गावाचे फोटो काढले आणि तुमचा एक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कपाटं उलटी केली, सगळ्या डिस्क लावून बघितल्या. आपल्या लग्नातले तुम्ही मिशा फुटलेलं पोर दिसता, ते गावाला ओळखू कसं यायचं? आधार कार्डावरचा बघून ओंकार रडता रडता हसला. बाकी सगळीकडं आम्हीच. मी, ओंकार, तुमच्या आई, तुमच्या बहिणी. कुणी मोबाईल वर केला की तुमचं ठरलेलं, "आण इकडं, तुला येत न्हाई, मी काढतो." आता ते फोटो बघते तर सगळेजण हसत तुमच्याकडं बघतायत, आणि जिकडं बघतायत तिकडं कुणीच नाही.

ओंकार हळूच म्हणाला, "आई, कय्यूमचाचांनी काढलेल्यातले उघड ना डोळे. तुला तर येतंय."

मी बसले. तुमची शपथ, मी बसले कॉम्प्युटरपुढं. ओंकारचे डोळे घेतले. तुमच्यासारखेच आहेत ते, सगळे म्हणतात. बसवले, सावली जुळवली, उजेडाचा ठिपका ठेवला. जन्मात एवढं सफाईचं काम माझ्या हातून झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरी ती फ्रेम गेली असती तर बायकांनी पदर तोंडाला लावला असता. पण त्यातून माझ्याकडं बघत होतं माझं लेकरू, तुमच्या तोंडावळ्यात बसून. तुम्ही माझ्याकडं असं कधी बघितलंच नाही. तुमची उजवी पापणी हसायच्या आधी थोडी मिटायची, ते मी कुठून आणू? आजवर ज्या ज्या घरांत मी डोळे लावून दिले, तिथल्या बायकांना हे कळत नव्हतं का हो? का कळत होतं आणि त्या मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणत होत्या? हे विचारायला मला तुम्हीच पाहिजे होतात.

ते मी पुसून टाकलं. ओंकारला म्हणलं, "जमत नाही." तो माझ्याकडं बघत राहिला, कारण आईला हे जमत नाही असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

मग मला ते लग्न आठवलं. निलंग्याकडचं, शेतातल्या घरापुढच्या उघड्या मांडवातलं. तुम्ही पहिल्यांदाच मला कामाला नेलं होतं. गल्लीत बायका म्हणत होत्या, बाईमाणूस लग्नात कॅमेरा घेऊन हिंडणार म्हणजे काय! तुम्ही नवरीच्या बापाला ठणकावून सांगितलंत, "गच्चीवरून माझी बायको काढणार हाय. मांडवाचा भारी फोटो तोच येतो का न्हाई बघा." आणि डबडं माझ्या हातात देऊन मला वर पाठवलंत. अक्षता पडायला लागल्या. मी आपली बटण दाबतेय, दाबतेय, आणि सगळं काळं. तुम्ही खाली गर्दीच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढलात आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलात, "नंदेऽ, टोपण काढ!" मी टोपण काढलं आणि घाबरून लगेच बटण दाबलं.

तो फोटो वाया गेलेला. नवरीपुढं कुणाचा तरी फेटा आलाय. मी पुसायला निघाले होते, तुम्ही पुसू दिला नाही. "राहू दे, तुझा पहिला हाय." जुन्या डिस्कमध्ये तो अजून होता. मी उघडला. अख्खा मांडव नवरीकडं बघतोय, एक माणूस सोडून. तो खुर्चीवर उभा राहून वर गच्चीकडं बघून हसतोय, उजवी पापणी जराशी मिटून. तोंड तुरीच्या दाण्याएवढं.

मी कापायला घेतला. मोठा केला, तर तुम्ही आत्याच्या वाटेनं गेलात. नाकाच्या जागी तीन चौकोन, डोळ्याच्या जागी काळे दोन. मी खूप भांडले तुमच्याशी त्या दिवशी, एकटीच. चोवीस असते तर? त्या वेळी माझं ऐकलं असतं तर? मोठ्यानं बोलत होते. ओंकार पाणी ठेवून गेला.

निलंग्याचा फ्लेक्सवालाही म्हणाला, "मावशी, फाटतोय हो फोटो. दुसरा न्हाई का? तो बसवलेला बघा किती क्लिअर हाय." मी म्हणलं, "हाच लाव." त्यानं लावला.

आणि चौकात चढवल्यावर मी रस्त्याच्या ह्या बाजूनं, पानटपरीपासून बघितलं. अहो, तुम्ही होतात. सगळे चौकोन एकमेकांत मिसळून गेले होते आणि तुम्ही गच्चीकडं बघून हसत होतात. तुम्हीच सांगायचात ना, "फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला कशाला पाह्यजेत एवढे ठिपके?" तुमचं ते बोलणं असं खरं ठरलेलं बघून मला आनंद झाला. खरंच झाला. मी पदर सावरून रस्ता ओलांडला, तुम्हाला जवळून बघायला. अर्ध्या रस्त्यात तुम्ही विरायला लागलात. खांबापाशी पोचले तर कुणीच नाही, तपकिरी-काळे ठोकळे. मी परत मागं गेले, तर तुम्ही आलात. असं किती वेळा केलं कोण जाणे. टपरीवाला म्हणाला, "काकू, उन्हात कशाला उभ्या? सावलीत या." मी म्हणलं, "राहू दे. इथूनच दिसतंय."

तर तुम्ही जिंकलात. सहा पुरतात. गावाला पुरले, बसच्या खिडकीतून बघणाऱ्याला पुरले. पण मी बसमधून जाणारी होते का हो? मी तर खुर्चीच्या पाठीएवढ्या अंतरावर राहिलेली बाई. तेवढ्यावरून बघायला माझ्याकडं तुमचा एकच फोटो आहे, आणि त्यात तुम्ही डोळे उघडत नाही.

काल चौकात कुणाचा तरी वाढदिवस लागणार होता, म्हणून तुमचा फ्लेक्स उतरवला. मी तो मागून घेतला आणि गुंडाळी करून रिक्षानं घरी आणला. लहान करून फ्रेममध्ये का नाही लावत, म्हणाल. काढून बघितला. नखाएवढा काढला तर तुम्ही दिसता, पण मग बघायला नाक कागदाला टेकवावं लागतं. म्हणून दुपारी पुढच्या सोप्यातल्या भिंतीला हा मोठाच लावला. बरोबर बसला, अगदी काठाला काठ. भिंत पुरली, तुमचा तो मुद्दा खोटा होता. मग मी मागं सरकायला लागले. सोफा बाजूला केला, टीव्हीचं स्टूल उचलून आत ठेवलं, आणखी मागं सरकले. पाठ समोरच्या भिंतीला टेकली, तरी तुम्ही चौकोनच होतात.

आपल्या घरात तेवढं लांब जायला जागाच नाही हो.